कानबाईचे गहू आणि माझं कोरं मशीन

आमच्या घरात कपडे धुण्याची मशीनं अकरा आहेत आणि कपडे माझी बायको हातानं धुते.

हे ऐकून लोक आधी हसतात, मग माझ्याकडे बघतात आणि शेवटी सुनंदाकडे वळून म्हणतात, "वहिनी, तुमची कमाल आहे!" (माझी कमाल आहे असं आजवर एकानंही म्हटलेलं नाही.) लोकांना एवढी साधी गोष्ट कळत नाही की ही मशीनं कपडे धुण्यासाठी नाहीतच. ही जुनी, जमवलेली मशीनं आहेत. माणसं जुनी नाणी जमवतात, तेव्हा त्यांना कुणी विचारतं का, "या नाण्यांची मेथी आणता का हो?" मग मलाच का छळायचं?

सुरुवात एका गोल मशीनपासून झाली. भुसावळला रेल्वेतल्या एका साहेबांचं बिऱ्हाड हलत होतं. त्यांच्या अंगणात ते मशीन उभं होतं, वर दोन रबरी रूळ आणि बाजूला हँडल. त्या रुळांमधून कपडा घालून हँडल फिरवलं की पलीकडून कपडा पिळून बाहेर. मी हँडल फिरवून बघितलं आणि माझं काही खरं राहिलं नाही! मग दोंडाईच्याहून एक आलं, कापसाच्या व्यापाऱ्याच्या सुनेनं माहेरून आणलेलं. बोदवडहून एक आलं, ज्यात ते लोक ज्वारी साठवायचे. एक कुणीतरी आखाती देशातून आणलेलं, त्यावरची अक्षरं आमच्यापैकी कुणालाच वाचता येत नाहीत, त्यामुळे त्याची बटणं मी देवाचं नाव घेऊन दाबतो. आणखी एक आहे, ते पिळायला लागलं की चालायला लागतं. एकदा ते हॉलमधून निघून थेट जिन्यापर्यंत गेलं होतं. आता त्याला खिडकीच्या गजाला बांधून ठेवतो.

दर रविवारी मी यातलं एकेक मशीन चालवतो. कपडे न घालता. (म्हणजे मशीनमध्ये कपडे न घालता, मी घातलेले असतात!) पाणी भरायचं, बटण फिरवायचं आणि खुर्ची टाकून डोळे मिटून आवाज ऐकत बसायचं.

"नळाला पाणी दिवसाआड येतं," सुनंदा स्वयंपाकघरातून सुरू होते, "आणि आमच्या घरात त्याचं संगीत ऐकतात!"

"अगं, मोटर बसू नये म्हणून चालवावं लागतं."

"तुम्ही बसलायत त्याचं काय?"

या सगळ्यांत माझा खरा जीव होता तो बेडरूममधल्या मशीनवर. ते कोरं होतं. अगदी कोरं! धुळ्यातल्या एका बंद पडलेल्या दुकानाच्या मालकाकडून मी ते घेतलं. डबल टबचं, एका बाजूला धुवायचं, दुसऱ्या बाजूला पिळायचं. प्लॅस्टिक गुंडाळलेलं, थर्माकोल जागच्या जागी, वापरायची पुस्तिका दोरीनं हँडलला बांधलेली. "साहेब, याला पाण्याचा थेंब लागलेला नाही," असं त्या दुकानदारानं छातीवर हात ठेवून सांगितलं होतं. आमचा जुन्या मशीनवाल्यांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, भारतभरातले मिळून पाच जण. त्यात मी त्याचा फोटो टाकला तेव्हा कोइमतूरच्या एकानं रडका चेहरा पाठवला. मी त्या मशीनचं प्लॅस्टिक कधी सोडलं नाही, वायर लावणं तर दूरच. रोज सकाळी त्यावरची धूळ मात्र पुसायचो. सुनंदा म्हणते की आमच्या लग्नाच्या फोटोवरची धूळ मी एकदाही पुसलेली नाही, पण तो विषय वेगळा.

असं सगळं छान चाललं होतं आणि श्रावणात अक्काचा फोन आला.

अक्का म्हणजे माझी थोरली काकू. धुळे जिल्ह्यात, शिंदखेड्याच्या पुढे आमचं गाव आहे, तिथे अक्का आणि आमचे थोरले काका, ज्यांना सगळे आबा म्हणतात, राहतात. आमच्याकडे खानदेशात श्रावणातल्या एका रविवारी कानबाई देवी बसते. सगळी भाऊबंदकी एका घरात जमते, कानबाईला दागिने घालून सजवतात, गाणी होतात, नैवेद्याला गव्हाचे रोट होतात आणि सोमवारी वाजतगाजत बोळवण होते. आजवर ती कायम गावाला, अक्काच्या घरी बसायची. या वर्षी त्यांच्या घराच्या स्लॅबचं काम निघालं होतं. त्यामुळे कानबाई जळगावला, आमच्या घरी!

फोन ठेवला आणि सुनंदा मटकन खाली बसली. मी घाबरलो. बघतो तर तिच्या डोळ्यांत पाणी.

"लग्न होऊन आले तेव्हापासून मनात होतं हो," ती म्हणाली. "एकदा तरी कानबाई माझ्या हातानं माझ्या घरात बसावी."

मलाही भरून आलं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवणार, तेवढ्यात ती डोळे पुसून उठली आणि म्हणाली, "मशीनं शनिवारच्या आत घराबाहेर काढा."

"अं?"

"कानबाई कुठे बसवू? त्या रुळवाल्याच्या डोक्यावर? तीस माणसं येणार आहेत. भंगारवाल्याला बोलवा."

आता इथे मला एक युक्ती सुचली. (माझ्या आयुष्यातले सगळे घोटाळे याच वाक्यानं सुरू झालेले आहेत.) कानबाईच्या आधी घर धुतात, पुसतात, आणि घरातलं अंथरूण-पांघरूण, पडदे, कपडे, सगळं म्हणजे सगळं धुऊन काढतात. त्यात बाहेर श्रावणाची झड लागलेली, गच्चीवर एक रुमाल वाळत नव्हता.

"सुनंदा," मी म्हटलं, "या वेळी सगळं धुणं माझी मशीनं करतील. गोधड्यासुद्धा! आणि पिळून इतकं कोरडं देतील की दोरीवर टाकायची गरज नाही."

तिनं कंबरेवर हात ठेवले.

"आणि काही बिघडलं तर?"

"तर सगळी मशीनं भंगारात. माझ्या हातानं देईन. शब्द!"

"ते कोरंसुद्धा?"

मी हो म्हटलं.

शुक्रवारी सकाळी अक्का आणि आबा आले. बरोबर भाऊबंदकीतल्या चार-पाच जणी आणि गाठोडीच गाठोडी! मशीनची बातमी गावभर झाली होती, त्यामुळे प्रत्येकीनं आपापल्या घरच्या गोधड्याही टेम्पोत टाकून आणल्या होत्या. अक्का दारात उभी राहून आत बघत राहिली.

"अरुण, इतला मशीन कसाले रे भाऊ? आन मानसं कोठे झोपतस?"

"अक्का, आज कळेल तुला," मी बाह्या सरसावून म्हटलं.

मी तीन मशीनं एकदम सुरू केली. काय सांगू महाराजा! एक घुमतंय, एक खडखडतंय, एक गजाला हिसके देतंय, आणि मध्ये मी, एका हातात पाइप आणि दुसऱ्या हातात गोधडी. मला वाटलं, याच दिवसासाठी मी जन्माला आलो. आणि त्याच वेळी फट्ट असा आवाज झाला आणि आमच्या ओळीतल्या सगळ्या घरांची लाइट गेली.

शेजारचे चौधरी नाना बनियनवर धावत आले. "सर, तुमच्याकडेपण गेली का?"

"हो ना नाना," मी चेहरा शक्य तितका साधा ठेवून म्हटलं, "काय या वीजवाल्यांचा कारभार! सांगायची सोय नाही."

"यांच्यामुळेच गेली, नाना," सुनंदा आतून म्हणाली.

नाना वायरमनला फोन लावायला गेले. वायरमन आला, खांबावर चढला, लाइट आली, आणि मी पुन्हा सुरू झालो, पण एका वेळी एकच. दुपार कलेपर्यंत गोधड्यांचा ढीग लागला. आणि खरं सांगतो, कोरड्या! अक्कानं एक गोधडी गालाला लावून बघितली आणि म्हणाली, "नही, पोऱ्यानं काम करं!" माझी छाती इतकी फुगली की बनियनची शिवण बोलली. मी सुनंदाकडे बघितलं. तिनं हसू दाबलं, पण मला ते दिसलं. झालं! मशीनं वाचली होती. तिथेच मी गप्प बसलो असतो तर ही आठवण सांगायची वेळच आली नसती.

पण शनिवारी सकाळी अक्का गहू घेऊन बसली.

हे गहू म्हणजे साधे गहू नव्हेत. कानबाईच्या रोटांसाठी भाऊबंदकीतल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ गहू मोजतात. आबांच्या नावानं, माझ्या नावानं, सुरतला असलेल्या पुतण्याच्या नावानं, परवा जन्मलेल्या बाळाच्या नावानंसुद्धा. आमच्या अक्काच्या शिस्तीत हे गहू धुऊन, वाळवून, मग गिरणीत द्यायचे. गिरणीवाला त्यासाठी गिरणी स्वच्छ करून ठेवणार होता आणि दुपारनंतर दुसरं दळण घेणार होता. इकडे धुतलेले गहू परातीत ओलेगच्च, आणि बाहेर पावसाची रिपरिप.

"गहू वला शेतस रे भाऊ. आते काय करानं?"

"पंख्याखाली पसरू या," सुनंदा म्हणाली.

"पंखा!" मी हसलो. (हे हसणं मला पुढे फार महागात पडलं.) "पंख्याला संध्याकाळ होईल. अक्का, पिळायच्या टबमध्ये पाच मिनिटांचं काम आहे."

सुनंदानं कपाळाला हात लावला. "त्याच्यात काल गोधड्या पिळल्यात तुम्ही! कानबाईचे गहू त्यात घालणार?"

आणि मी बोलून गेलो. माझ्या तोंडाला कुलूप का नाही, देव जाणे!

"आपल्याकडे कोरं मशीन आहे."

अक्कानं मान वर केली. "पक्कं कोरं शे का?"

"कपडा नाही, पाणी नाही, साबण नाही. कुणाचं बोट लागलेलं नाही अक्का!"

"मंग चाली," अक्का म्हणाली.

मी बेडरूममध्ये गेलो, दार लोटलं आणि त्या मशीनसमोर उभा राहिलो. प्लॅस्टिकला कात्री लावण्याआधी मी मनातल्या मनात त्याची माफी मागितली. पण मनात असंही वाटत होतं की बघा, सगळ्या भाऊबंदकीसमोर, कानबाईच्या कामासाठी माझं मशीन पहिल्यांदा फिरणार! याच्यापुढे सुनंदा आयुष्यात कधी भंगारवाल्याचं नाव काढणार नाही. मी ते ढकलत हॉलमध्ये आणलं. सगळ्या बायका गोल करून उभ्या राहिल्या. आबा कोपऱ्यात खुर्चीवर चहाचा कप घेऊन बसले होते.

कोऱ्या मांजरपाटाच्या तुकड्यात मी गहू बांधले.

"गाठ नीट मारलीत का?" सुनंदानं विचारलं.

"सुनंदा, मी शाळेत विज्ञान शिकवतो."

"गाठी मारायला शिकवता का?"

मी तिच्याकडे दुर्लक्ष केलं आणि अक्काला अपकेंद्री बल म्हणजे काय ते समजावून सांगायला लागलो. टब गरगर फिरतो, त्यातली प्रत्येक गोष्ट बाहेरच्या बाजूला जोरात ढकलली जाते, म्हणून पाणी भोकांतून निघून जातं. अक्का मन लावून ऐकत होती. प्रत्येक गोष्ट बाहेर ढकलली जाते, हे मी स्वतःच्या तोंडानं सांगितलं. गहूही एक गोष्टच आहे, हे माझ्या लक्षात आलं नाही!

बटण फिरवलं. आधी घर्रर्र असा गोड आवाज आला. मी डोळे मिटले. मग मशीन थडथडायला लागलं. मग आतून टर्र, टर्र, टर्र असा आवाज सुरू झाला, पत्र्यावर गारा पडाव्यात तसा.

"गाठ सुटली!" सुनंदा ओरडली.

"झाकण उघडलं की मशीन आपोआप थांबतं," मी शांतपणे म्हटलं, कारण पुस्तिकेत तसं लिहिलेलं होतं, आणि झाकण उघडलं. मशीन थांबलं नाही. फरक एवढाच पडला की जे गहू आत उडत होते ते आता बाहेर उडायला लागले! माझ्या तोंडावर, बायकांच्या डोक्यांत, भिंतीवरच्या घड्याळावर, ट्यूबलाइटवर. सुरतचा पुतण्या, पुण्याचे चुलते, परवाचं बाळ, सगळी भाऊबंदकी हॉलभर उधळली!

"मना गहू! अरे, मना गहू!" अक्का पदर पसरून झेलायला धावली.

सुनंदानं पिन उपटली तेव्हा ते थांबलं. आबा एवढ्या गोंधळात जागचे हलले नव्हते. त्यांच्या कपात एक गहू पडला होता. तो त्यांनी चमच्यानं अलगद काढला आणि परातीच्या काठावर ठेवला. मोजलेला होता ना!

मग आम्ही सगळे हातापायांवर आलो. सोफ्याखालून, चपलांमधून, वेण्यांमधून गहू गोळा केले. पण परात काही भरेना. मी मशीन हलवलं. आतून खळखळ असा भरघोस आवाज आला. टबाच्या भोकांतून निघालेले गहू टब आणि बाहेरचा पत्रा यांच्यामध्ये जाऊन बसले होते. चौधरी नानांना बोलावलं, मशीन उलटं केलं, थापटलं, मागे नळी लावून फुंकलं. थोडे गहू पडले. उरलेले आत आरामात होते. टब काढल्याशिवाय ते निघणार नव्हते, आणि टब ज्या बोल्टवर बसलेला तो बोल्ट गंजून पक्का झालेला.

"पाणी न लागलेल्या मशीनला गंज कसा चढला?" सुनंदानं विचारलं.

"हवेतला दमटपणा असतो."

"धुळ्यात?"

मी हत्यारांची पेटी उघडली. पाना लावला, घासलेट ओतलं, हातोडी मारली. बोल्ट ढिम्म.

"सर, हा कापावा लागेल," नाना हळूच म्हणाले. "दांडाच कापावा लागेल."

दांडा कापला की संपलं! असा दांडा आता कुठे मिळत नाही. मशीन कायमचं गेलं. मी चाचरत अक्काला म्हटलं, "अक्का, थोडेसे राहिले आत तर राहू दे ना. दुसरे गहू मोजू या."

"नाव लिसन मोजेल शेतस. मोजेल गहू परत मोजतस नही." अक्कानं एकदाच सांगितलं, आवाजही चढवला नाही. "आन आत कोणा वाटाना शेतस, सांग बरं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाची मूठ मशीनमध्ये राहिली, हे कुणाला माहीत? एका चुलत वहिनीनं तर नवऱ्याला तिथूनच फोन लावून तब्येत विचारली.

"माझी राहू दे," मी म्हटलं. "आत राहिली ती मूठ माझी समजा. माझी काही हरकत नाही!"

त्यावर कुणीतरी फिसकन हसलं. सुनंदा हसली नाही. भांडलीसुद्धा नाही. ती कोपऱ्यात जाऊन तोंड फिरवून फरशी पुसायला लागली, आणि पुसता पुसता तिनं कोपरानं डोळे पुसले ते मला दिसलं. मला फार वाईट वाटलं. इतक्या वर्षांत बाईनं माझ्याकडे दागिना मागितला नाही, फिरायला न्या म्हटलं नाही. एक कानबाई हवी होती तिला, नीट, तिच्या घरात. आणि मी एका लोखंडाच्या दांड्यासाठी घासाघीस करत बसलो होतो.

"नाना, तुमच्याकडे लोखंड कापायची करवत आहे का?" मी विचारलं.

दांडा मी स्वतः कापला. ग्रुपवर तेवढ्यातल्या तेवढ्यात फोटो टाकला, आणि कोइमतूरवाल्यानं हात जोडलेलं चित्र आणि पांढरी फुलं पाठवली. करवत आरपार गेली, टब उचलला, आणि आतून गव्हाची रास सांडली. बायकांनी एकच आनंदाचा आवाज केला. अक्का खाली बसून दोन्ही हातांनी गहू ओढायला लागली. ओढता ओढता तिचा हात थांबला. तिनं दोन बोटांत धरून काहीतरी लांबच लांब बाहेर काढलं.

"हाई काय शे रे अरुण?"

ती पायजम्याची नाडी होती. चांगली वापरलेली, टोकाला गाठ मारलेली. तिच्यामागून शर्टाचं एक बटण निघालं आणि केसाची एक काळी पिन.

कोरं मशीन! पाण्याचा थेंब न लागलेलं! त्या दुकानदाराच्या घरादाराचं धुणं वर्षानुवर्षं त्यात निघालं असणार, आणि मी रोज सकाळी फडक्यानं त्याची पूजा करत होतो. पण त्याहून मोठा प्रश्न समोर होता. कानबाईचे गहू कुणाच्या तरी नाडीबरोबर गरगर फिरून आले होते! सगळ्यांचं लक्ष अक्काकडे लागलं. सुनंदाच्या हातातलं फडकं तसंच राहिलं.

अक्कानं नाडी उजेडात धरून नीट बघितली. मग तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती! इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं.

"अरे, कानबाई माय बी बाईच शे ना! तिनी काय नाडी देखेल नही का?" ती म्हणाली. "चाला, गहू परत धोवा. हातवरी!"

आबांनी रिकामा कप पुढे केला. "चहा व्हई का अजून?"

बायकांनी गहू पुन्हा धुतले, माझ्या कालच्या कोरड्या चादरीवर पंख्याखाली पसरले, आणि जेवणं होईपर्यंत ते वाळले. नुसत्या पंख्याखाली! गिरणीवाला चौधरी नानांच्या ओळखीचा निघाला, तो थोडा थांबला. रविवारी कानबाई बसली. सुनंदा नाकात नथ, अंगावर हिरवी साडी अशी हॉलभर फिरत होती, आणि अक्कानं सगळ्यांसमोर तिला म्हटलं की रोट तुझ्या हातचे गावाकडच्यापेक्षा चांगले झाले. सोमवारी मेहरूण तलावावर बोळवण झाली. सुनंदा पाण्याकडे बघत उभी होती आणि मी सुनंदाकडे. तिचा चेहरा इतका भरलेला मी फार दिवसांनी बघितला. मनातल्या मनात म्हटलं, जाऊ दे, दांडा गेला तर गेला.

पण शब्द म्हणजे शब्द. पाहुणे गेल्यावर मी स्वतः भंगारवाल्याला फोन केला. तो हातगाडी घेऊन आला. मी व्हरांड्यात पाठ करून उभा राहिलो, कारण मला बघवणार नव्हतं. सुनंदा दारात उभी होती. जन्मभर वाट बघितलेला दिवस तिचा! भंगारवाल्यानं पहिलं मशीन तिरकं केलं, आणि मागून तिचाच आवाज आला.

"अहो दादा, असं नाही धरायचं! त्याचा मागचा पाय मोडका आहे. खालून धरा."

त्यानं ते सोडून दुसऱ्याला हात घातला.

"त्याला आडवं नका करू, त्याचं तेल गळतं! आणि ते गजाचं सोडताना सांभाळा, ते मोटर बंद असतानासुद्धा घसरतं. अहो, रुळांत बोट जाईल, आधी हँडल उलटं फिरवा!"

मी वळून बघितलं. ती बोलायची थांबली. भंगारवाला एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघायला लागला.

"न्यायचंय ना ताई?"

सुनंदानं पदर कंबरेला खोचला. मग माझ्यावर खेकसली, "बघताय काय? त्यांना चहा करा! एवढ्या लांबून आलेत, आणि न्यायला काही नाहीये." आत जाता जाता म्हणाली, "दांडा स्वतःच्या हातानं कापलात, म्हणून सोडतेय. पुढच्या वर्षीपण अक्कानं कानबाई इथेच सांगितलीय. तेवढ्या गोधड्या मी हातानं धुवू का?"

मी तिला काहीतरी चांगलं बोलणार होतो, पण चहा उतू गेला.

त्या कोऱ्या मशीनचा टब तेवढा सुनंदानं मागून घेतला. स्टीलचा आहे, चारी बाजूंनी भोकं आहेत, हवा खेळती राहते, त्यात ठेवलेले कांदे सडत नाहीत. परवा पुण्याहून एक संग्राहक मुद्दाम माझी मशीनं बघायला आले होते. सगळी मशीनं त्यांनी निरखून बघितली, वाहवा केली, आणि निघताना वहीत टिपायला पेन काढून विचारलं, "सर, तुमच्या संग्रहात आजही रोज वापरात असलेलं असं एखादं आहे का?"

मी त्यांना स्वयंपाकघरात नेलं आणि कांदे दाखवले.